बैलाची जात कोणती? ड्रॉपडाउनमध्ये शोधा!

(या एपिसोडमधल्या बोलण्याचा लिखित मजकूर. बोलताना झालेली अं-अं काढून टाकली आहे, बाकी जसंच्या तसं.)

हेडफोन लावलेत? आज घोड्यापासून सुरू करू आणि माझ्या बाबांच्या गोठ्यात येऊन थांबू. मध्ये थोडं डेटाबेसचं बोलणं होईल. घाबरू नका, कोड लिहायचा नाहीये.

तुमच्यापैकी काही जण म्हणतील, चंद्रपूर-गडचिरोलीच्या माणसाला वाघ सोडून घोडा कुठून सुचला? तर झालं असं. पुण्यात ऑफिसमधला एक मित्र घोड्यावर बसायला शिकतो. तो मला सांगत होता, "अरे, भीमथडी घोड्याला सरकारी नोंदणी मिळाली." मी विचारलं, "म्हणजे काय मिळालं? आधार कार्ड?" तो हसला, पण उत्तर त्यालाही येत नव्हतं. म्हणून मी वाचत बसलो.

पहिली गोष्ट अशी कळली की घोड्यांची नोंदणी दोन वेगवेगळ्या प्रकारची असते, आणि आपण दोन्हींची खिचडी करतो.

एक म्हणजे स्टड बुक. महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर जे घोडे धावतात ते थरोब्रेड. त्यांच्यात प्रत्येक घोड्याची वेगळी नोंद असते. आई कोण, बाप कोण, जन्म कधी, अंगावर खुणा कोणत्या. इंग्लंडमध्ये हे पुस्तक १७९१ साली सुरू झालं. आज जगातल्या कुठल्याही थरोब्रेडची बापाकडून वंशावळ मागे मागे नेली, तर ती तीनच घोड्यांवर जाऊन थांबते: डार्ली अरेबियन, बायर्ली टर्क आणि गोडॉल्फिन अरेबियन. पुस्तक बंद आहे. आई-बाप पुस्तकात नसतील तर पिल्लू कितीही जोरात धावो, ते थरोब्रेड नाही. कृत्रिम रेतनाने झालेलं पिल्लूसुद्धा चालत नाही.

दुसरी नोंदणी जातीची. ती करते हरियाणातल्या करनालची संस्था, राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरो. इथे तुमच्या-माझ्या घोड्याचं नाव लागत नाही. इथे नोंद होते ती अख्ख्या जातीची: अमुक भागात, अमुक लोकांकडे, अशा अशा गुणांची जनावरं आहेत आणि ती इतरांपेक्षा वेगळी आहेत.

इंजिनिअरिंग केलेल्यांसाठी एका ओळीत सांगतो. करनालला क्लास रजिस्टर होतो, स्टड बुकमध्ये ऑब्जेक्ट. बाकीच्यांसाठी: एकीकडे गावाचं नाव नकाशावर येतं, दुसरीकडे घराला नंबर मिळतो. गाव नकाशावर आलं म्हणून तुमच्या घराचा सातबारा आपोआप तयार होत नाही. त्यामुळे "माझा घोडा सरकारमान्य भीमथडी आहे" असं सांगून कोणी जास्त पैसे मागितले तर जरा थांबा. मान्यता जातीला आहे, त्या घोड्याला नाही.

आता जातीची नोंदणी होते कशी? ही पद्धत २००७ च्या सुमारास सुरू झाली. अर्ज कोणीही करू शकतं, पशुपालकांची संस्था, विद्यापीठ, सरकारी खातं, साधा नागरिकसुद्धा. अर्जात लिहायचं काय? जातीचा मूळ मुलूख कोणता. किती जनावरं आहेत. कोण पाळतं, कशासाठी पाळतं, चारतं कसं. रंग, उंची, शिंगं, कान यांची मापं. दूध किती, ओढण्याची ताकद किती. फोटो. ही जात शेजारच्या जातीपेक्षा वेगळी आहे हे दाखवायला डीएनएचा अभ्यासही होतो. मग समिती बसते, तपासते, आणि पटलं तर एक क्रमांक देते.

तो क्रमांक बघून मला तर आनंदच झाला, कारण तो अगदी आमच्या धंद्यातल्या प्रायमरी की सारखा आहे. आधी देश, मग प्राणी, मग राज्याचा कोड, मग जातीचं नाव, शेवटी अंक. गाईच्या जातींचे अंक ०३ ने सुरू होतात, घोड्यांचे ०७ ने. २०१९ पासून नोंदलेल्या जाती भारताच्या राजपत्रातही छापल्या जातात.

घोड्यांमध्ये आधी सात जाती होत्या: भूतिया, काठियावाडी, मणिपुरी, मारवाडी, स्पिती, झांस्करी आणि कच्छी-सिंधी. आठवी भीमथडी. भीमेची थडी, म्हणजे भीमेचा काठ. मराठ्यांच्या फौजेतली तट्टं म्हणून शाळेत ऐकलेलं नाव हेच. पुढे फौज गेली, तट्टू मात्र मेंढपाळांच्या बिऱ्हाडाचं ओझं वाहत राहिलं. इतिहासात इतकं नाव, पण यादीत यायला आत्ताचं दशक उजाडलं. दरम्यान काय झालं बघा. देशातले घोडे आणि तट्टू मिळून २०१२ च्या पशुगणनेत सव्वासहा लाख होते. २०१९ मध्ये राहिले ३ लाख ४० हजारांच्या आसपास. सात वर्षांत जवळपास निम्मे.

इथपर्यंत माझ्यासाठी ही सगळी सामान्य ज्ञानाची गोष्ट होती. मग मी गावी आलो.

आमचं गाव ब्रह्मपुरी तालुक्यात. धानाचा मुलूख. २१ वी पशुगणना २५ ऑक्टोबर २०२४ ला सुरू झाली, आणि त्या हिवाळ्यात मी घरी असताना गणना करणारा मुलगा आला. हातात मोबाईल, ॲप उघडलेलं. दिवसभर फिरून दमलेला. आईने चहा दिला. त्याने बाबांना विचारलं, "बैलांची जात कोणती?"

बाबा म्हणाले, "जात कायची? घरचेच होत."

तो "गावठी" निवडणार, इतक्यात मी म्हणालो, "दादा, जरा यादी खाली सरकव ना." या वेळच्या गणनेत देशी जनावरांच्या २१९ जातींची नोंद घ्यायची होती. ड्रॉपडाउन चांगलंच लांब. गवळाऊ, खिल्लार, देवणी, डांगी, लाल कंधारी... आणि त्यात होतं, कठाणी.

कठाणी! गडचिरोलीजवळ वैनगंगेला मिळणारी कठाणी नदी आपल्या सगळ्यांना माहीत आहे. त्याच नावाची गाईची जात आहे, आणि चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया, भंडारा हा तिचा मुलूख आहे, हे मला २०२३ च्या बातम्यांमधून कळलं. त्याच वेळी नोंद झालेल्या दहा जातींत ती होती. विदर्भातलीच पूर्णाथडी म्हैसही त्याच यादीत. कठाणीबद्दल नोंदीत लिहिलंय की हे बैल चिखलाच्या जमिनीत, धानाच्या शेतीत चांगलं काम करतात. म्हणजे आमच्या बांधीतली चिखलणी! बाबा जे पन्नास वर्षं बघत आले ते करनालच्या फाईलमध्ये लिहिलं गेलं, फक्त बाबांना कोणी कळवलं नव्हतं.

मी जोरात म्हणालो, "लिही, दोन्ही बैल कठाणी."

तर बाबांनीच थांबवलं. म्हणाले, "हा आपल्याच गाईचा होय. तिची मायही आपल्याच घरची होती. पण तो दुसरा बजारातून आणला. त्याचं मले नाई माहीत."

झालं. एकाच जुवाखालचे दोन बैल. एकाच्या पुढे "कठाणी" लागलं, दुसऱ्याच्या पुढे गावठी, म्हणजे वर्णन नसलेला. मला आधी वाईट वाटलं. मग लक्षात आलं की आमच्या घरात डेटाची खरी समज बाबांनाच आहे. डेटा साइंटिस्ट मुलगा दोन्ही रकाने भरून मोकळा झाला असता.

पण हा रकाना का महत्त्वाचा? कारण मोजलं गेलं नाही ते योजनेत येत नाही. "गावठी" लिहिलं की अर्थ होतो, याच्यात जपण्यासारखं काही नाही, संकर करून टाका. नाव लागलं की निदान प्रश्न विचारता येतो: किती उरल्या, सांड किती, कुठे आहेत?

आणि तो प्रश्न बाबांनीच विचारला. मुलगा गेल्यावर मी त्यांना सगळं समजावलं, क्रमांक, राजपत्र, सगळं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "नाव भेटलं बाबू, पण सांड कुठी आहे?"

खरं आहे. गावात आता चिखलणीला ट्रॅक्टर येतो. आमच्या गाईला मागच्या खेपेला जर्सीचं रेतन झालं, कारण त्या दिवशी तेच मिळालं. कालवड गोड आहे, दूधही देईल. पण ती कठाणी नाही. नोंदणीने जात वाचत नाही. नोंदणीने एवढंच होतं की जात गेली तर काय गेलं हे सांगता येतं. वाचवायची असेल तर गोठ्यातच वाचते.

म्हणून बाबांनी आणि मी ठरवलंय. पुढच्या वेळी गाईला आपल्याच जातीचा वळू लावायचा. आजूबाजूच्या गावांत विचारपूस सुरू आहे. आत्तापर्यंत एक सापडलाय, त्याचा मालक पोळ्यानंतर बोलू म्हणाला.

तर मंडळी, एक काम सांगतो. आज घरी फोन करा. गोठ्यात जे आहे त्याला आजी-आजोबा काय नावाने ओळखायचे, ते विचारा. गाय, म्हैस, शेळी, तट्टू, काहीही. व्हॉइस नोट रेकॉर्ड करून स्वतःजवळ ठेवा. आणि चार तालुक्यांत कोणाकडे कठाणी वळू असेल, तर मला नक्की कळवा. बाबा वाट बघतायत.

भेटू पुढच्या एपिसोडला. काळजी घ्या!