मधुमेह्याने केवळ साखर मोजू नये
(वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले भाषण)



आम्ही डॉक्टर नाही, जुने शाळामास्तर आहोत. तथापि आपल्या घरोघरी मधुमेह शिरला असल्याने चार शब्द बोलणे अगत्याचे वाटते.

साखरेचा हिशेब आपली मंडळी चोख ठेवतात. उपाशीपोटी किती, जेवणानंतर किती, हे आकडे लग्नमंडपातही ऐकू येतात. कोलेस्टेरॉल विचारावे, तर सारे गप्प! वस्तुतः मधुमेह्याचा घात पुष्कळदा हृदयविकाराने होतो. या रोगात ट्रायग्लिसराइड वाढते, हितकर एचडीएल घटते, आणि एलडीएलचा आकडा बेताचा दिसला तरी त्याचे कण बारीक व दाट होऊन रक्तवाहिन्यांच्या भिंतींत शिरतात. म्हणून इतरांस चालणारा आकडा मधुमेह्यास चालत नाही. डॉक्टर त्याचे एलडीएल १०० च्या खाली, धोका अधिक असल्यास ७० च्याही खाली आणू पाहतात.

यावर स्टॅटिन नावाची गोळी आहे. जपानच्या अकिरा एंडो यांनी १९७० च्या दशकात बुरशीतून पहिले स्टॅटिन शोधले. ब्रिटन व आयर्लंडमध्ये झालेला 'कार्ड्स' हा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यात पूर्वी हृदयविकार न झालेले सुमारे २८०० मधुमेही होते. ज्यांस रोज १० मिलिग्रॅम अटोर्वास्टॅटिन दिले, त्यांच्यात हृदयविकार व पक्षाघाताचे गंभीर प्रसंग ३७ टक्क्यांनी कमी घडले. आणि त्यांचे एलडीएल मुळात फारसे चढलेलेही नव्हते!

परंतु आमच्या मंडळींची खोड अशी की, अहवाल चांगला आला की गोळी बंद. अहो, आकडा उतरला तो गोळीनेच. ती सुटताच काही आठवड्यांत तो पुन्हा चढतो. साखर किंचित वाढते, हा आक्षेप खरा आहे. पण लाभ त्याहून पुष्कळ मोठा. स्नायू दुखू लागल्यास डॉक्टरांस सांगावे, ते मात्रा बदलतील. शेजाऱ्याच्या सल्ल्याने गोळी सोडू नये. तसेच गोड नाही म्हणून वनस्पती तुपातील फरसाणावर ताव मारणे, हेही पथ्य नव्हे. (आजच्या फराळाच्या व्यवस्थापकांनी राग मानू नये.)

आणखी एक. मधुमेहात मज्जातंतू बधिर झाल्याने छातीत कळ न येताही झटका येऊ शकतो. एकाएकी धाप, दरदरून घाम, मळमळ किंवा विलक्षण थकवा जाणवल्यास 'पित्त झाले' म्हणून सोडा पीत बसू नये. घरच्यांनी तत्काळ १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.