हवेवर तोललेलें ओझें

‘मोटारींतील हवेची पिशवी’ असे शब्द कानीं पडले, कीं अपघाताच्या क्षणीं फुगून माणसाचा जीव वांचविणारी पिशवी आपल्या डोळ्यांपुढें उभी राहते. आजचें माझें भाषण त्या पिशवीविषयीं नाहीं. पिकअप ट्रक या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या उघड्या मालमोटारीच्या मागच्या आंसावर हवेच्या पिशव्यांची एक जोडी बसवितात. ती बसवावी कशी, तींत हवा किती ठेवावी आणि तिच्याकडून अपेक्षा किती करावी, हें मला सांगावयाचें आहे.

या वाहनाचें खरें माहेर अमेरिका. फोर्ड कंपनीनें १९२५ सालीं आपल्या ‘मॉडेल टी’ मोटारीला मालाची पेटी कारखान्यांतच जोडून ती विक्रीस काढली. आज तेथें हें वाहन शेतावर जसें दिसतें, तसेंच शहरांतील गृहस्थाच्या दारांतहि दिसतें. आपल्यापैकीं कित्येकांचीं मुलेंबाळें त्या देशांत संसार करीत आहेत, आणि सुटींत राहण्याचा ट्रेलर मागें जोडून अरण्यांत मुक्कामास जाण्याचा तेथील रिवाज त्यांतील कांहींच्या अंगवळणीं पडला आहे. तेव्हां हा विषय वाटतो तितका परका नाहीं.

पिकअपच्या मागच्या बाजूस बहुधा पोलादी पाट्यांची कमान असते. एकावर एक रचलेले हे लांब पाटे मध्यभागीं आंसाला आणि दोन्ही टोकांशीं गाडीच्या सांगाड्याला जोडलेले असतात. रॉबर्ट हूक यानें १६७८ सालीं प्रसिद्ध केलेला नियम असा, कीं स्प्रिंगवर जितका भार पडेल तितक्या प्रमाणांत ती दबते; भार दुप्पट, तर दबणेंहि दुप्पट. त्यामुळें कारखानदारापुढें पेंच पडतो. भरल्या गाडीस पुरेल इतकी ताठ कमान घातली, तर रिकामी गाडी उसळ्या मारीत धांवते. रिकाम्या गाडीस सोसेल इतकी मऊ घातली, तर माल भरतांच पिछाडी बसते, नाक वर होतें, दिव्यांचे झोत रस्त्याऐवजीं समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत शिरतात, आणि खड्ड्यागणिक आंस वरच्या रबरी ठोकळ्यावर आदळूं लागतो.

हवेचा स्वभाव पोलादाहून निराळा आहे. रॉबर्ट बॉइल यानें १६६२ सालीं दाखवून दिलें, कीं तापमान तेंच असतां कोंडलेल्या हवेचें आकारमान निम्में केलें, तर तिचा एकंदर दाब दुप्पट होतो. म्हणजे हवेची पिशवी जसजशी चेपावी, तसतशी ती अधिकाधिक ताठ होत जाते. शिवाय तींतील हवा आपल्या इच्छेनुसार कमीजास्त करतां येते, हा दुसरा लाभ. बेलफास्टच्या डनलॉपनें १८८८ सालीं हवेचा टायर चाकावर चढविला. त्यानंतर हवा हळूहळू चाकावरून वर, स्प्रिंगच्या जागीं गेली. मिशिगन संस्थानांतील लॅन्सिंग येथें १९४९ सालीं ‘एअर लिफ्ट’ ही कंपनी याच कामासाठीं निघाली. १९५३ सालीं जनरल मोटर्सच्या बसगाड्यांना हवेच्या स्प्रिंगा आल्या, आणि पुढील वर्षीं ग्रेहाउंडच्या दूरच्या प्रवासाच्या मोठ्या गाड्यांनाहि त्या लाभल्या. मुंबई-पुणें रस्त्यावरच्या मोठ्या वातानुकूलित बसमध्यें आपण बसलां असाल, तर अशाच स्प्रिंगांचा सुखद झोका आपण अनुभविला असेल.

पिकअपमध्यें मात्र पोलादी कमान जागच्या जागीं राहते. पिशवी तिच्या मदतीस येते. तिचें गणित सोपें आहे. भार पेलणारा पृष्ठभाग २५ चौरस इंच, म्हणजे सुमारें साडेपांच इंच व्यासाचें वर्तुळ, असा धरा. आंत दर चौरस इंचास ४० पौंड दाब ठेवला, तर एक पिशवी १,००० पौंड आणि जोडी मिळून २,००० पौंड भार उचलून धरते.

आतां बसविण्याकडे वळूं. प्रथम रिकामी गाडी सपाट जमिनीवर उभी करून चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डाच्या कडेपर्यंतचें अंतर चारहि चाकांशीं मोजावें व लिहून ठेवावें. पुढचें सारें काम या चार आंकड्यांच्या आधारानें व्हावयाचें असतें. मग पुढच्या चाकांस पाचरी लावून मागचा भाग जॅकनें उचलावा आणि सांगाडा भक्कम घोड्यांवर टेकवावा. एकट्या जॅकच्या भरंवशावर गाडीखालीं शिरूं नये. आंस खालीं सोडला, कीं तो आणि सांगाडा यांमध्यें जागा मोकळी होते. बहुतेक गाड्यांत तेथील रबरी ठोकळा काढून त्या ठिकाणीं वरचें लोखंडी ब्रॅकेट बसवितात. खालचें ब्रॅकेट बोल्टांनीं आंसावर आवळतात. आणि दोहोंच्या मध्यें पिशवी उभी करतात. ब्रॅकेटें गाडीच्या नमुन्याप्रमाणें निरनिराळीं असतात. एकाचीं दुसऱ्यास ठोकूनठाकून बसविणें धोक्याचें आहे. ब्रॅकेटांत पक्की होण्यापूर्वीं पिशवी कधींहि फुगवूं नये, कारण मोकळ्या पिशवीला आवर नसतो आणि ती फुटल्यास इजा होते.

फुगलेल्या पिशवीच्या सभोंवतीं निदान अर्धा इंच जागा मोकळी असली पाहिजे. ब्रेकची नळी, तार किंवा बोल्टाचें टोंक तिला घांसत राहिलें, तर रबर थोड्याच दिवसांत झिजतें. धूर बाहेर नेणारी नळी जवळून जात असेल, तर मध्यें उष्णता अडविणारा पत्रा घालावा. हवेची बारीक नळी धारदार पात्यानें अगदीं काटकोनांत कापावी, कारण तिरप्या कापाची नळी जोडांत नीट बसत नाहीं आणि हवा झिरपते. दोन पिशव्यांना दोन स्वतंत्र व्हॉल्व्ह ठेवावे. दोन्ही एकाच नळीनें जोडल्या, तर वळणावर दाबलेल्या बाजूची हवा दुसऱ्या बाजूस पळते आणि गाडी अधिकच कलते. शेवटीं दर चौरस इंचास ३० पौंड हवा भरून प्रत्येक जोडावर साबणाचें पाणी लावावें. बुडबुडा दिसला, कीं गळती सांपडली. एक दिवस व एक रात्र गेल्यावर दाब पुन्हा मोजावा. आरंभीं दोन-चार पौंडांचा उतार क्षम्य आहे. त्याहून अधिक असल्यास जोड पुन्हा तपासावे. पहिल्या ५०० मैलांनंतर सर्व नट-बोल्ट एकदां आवळून पाहावे.

हवेचें प्रमाण ठरवितांना पिशवीबरोबर आलेलें पत्रक हें शेवटचें प्रमाण मानावें. सामान्य प्रकारच्या पिशव्यांत दर चौरस इंचास ५ पौंडांहून कमी हवा ठेवीत नाहींत, आणि १०० पौंडांच्या पलीकडे जात नाहींत. अगदीं रिकाम्या पिशवीचें रबर घडीत चिमटून फाटतें, म्हणून गाडी रिकामी असली तरी आंत थोडी हवा हवीच. माल भरल्यावर मागची उंची पुन्हा मोजावी, आणि ती मूळ आंकड्याच्या किंचित खालीं येईपर्यंत थोडथोडी हवा भरावी. पिशवीचें पोट लहान असतें, त्यामुळें दाब झपाट्यानें चढतो. पंपाला घाई करूं देऊं नये. माल एका अंगास अधिक असेल, तर त्या अंगाच्या पिशवीस थोडी अधिक हवा द्यावी. थोडें अंतर चालवून पाहतां पिछाडी ताठरपणें उसळूं लागली, तर हवा जास्त झाली असें समजावें. माल उतरविल्यावर हवाहि उतरवावी. नाहीं तर रिकामी पिछाडी उंच राहून चाकें रस्त्यावर टप्पे घेतात आणि त्यांची पकड सुटते. थंडी वाढली, कीं आंतील दाब आपोआप घटतो. तेव्हां हिंवाळ्यांत तो अधिक वेळां पाहावा.

इतकें केल्यावर गाडी समतल दिसते, आणि येथेंच खरा धोका आहे. आपल्या गाडीवानांच्या भाषेंत ‘उलार’ असा एक सुंदर शब्द आहे. बैलगाडींत भार मागें गेला, म्हणजे जूं वर उचललें जातें; गाडी उलार झाली असें गाडीवान म्हणतो, आणि पोतीं पुढें सरकवितो. पिकअपलाहि हाच नियम लागू आहे. ट्रेलर आपल्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार पुढच्या मोटारीवर टाकतो, असा हिशेब धरतात. मागच्या आंसापासून ४ फूट मागें असलेल्या जोडगोळ्यावर असा ६०० पौंड भार पडला, आणि दोन आंसांमधील अंतर १२ फूट असलें, तर तरफेच्या नियमानें पुढच्या आंसावरचा २०० पौंड भार कमी होतो व मागच्या आंसावर ८०० पौंड वाढतो. पिशव्यांत हवा भरून पिछाडी वर आणली, तरी ते २०० पौंड पुढच्या चाकांवर परत येत नाहींत. आणि गाडी वळविण्याचें काम तर त्याच चाकांचें. त्यासाठीं भार पुढें वांटून देणारी दांड्यांची जोडणी निराळी मिळते. थोडक्यांत, पिशवी गाडीचें बसणें थांबविते. तिचें उलारपण घालवीत नाहीं.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. पिशवी आंस आणि सांगाडा यांच्यामध्यें असते. तिच्या खालचे टायर, बेअरिंग व ब्रेक पूर्वींचेच राहतात. तिच्या वरचा सांगाडाहि तोच राहतो, आणि आतां त्याला कमानीच्या दोन टोकांऐवजीं आंसाच्या वरच्या एकाच जागीं पुष्कळसा जोर सोसावा लागतो. म्हणून पिशवी बसविल्यानें वाहनाची भारक्षमता एका पौंडानेंहि वाढत नाहीं. अमेरिकेंत चालकाच्या दाराच्या चौकटीवर एक पट्टी चिकटविलेली असते. तिच्यावर वाहनाचें कमाल एकूण वजन आणि प्रत्येक आंसाची मर्यादा छापलेली असते. पिशवीपूर्वीं जी मर्यादा होती, तीच पिशवीनंतरहि राहते. बसलेली पिछाडी हें गाडीचें गाऱ्हाणें आहे. तें ऐकूं येईनासें झालें, म्हणून ओझें हलकें झालें असें होत नाहीं. मग तें उतारावर तापलेल्या ब्रेकांतून किंवा फुटलेल्या टायरांतून ऐकूं येतें, आणि त्या वेळीं गाडींत मुलेंमाणसें बसलेलीं असतात.

यासाठीं आपला कोणी आप्त अशा पिशव्या घेण्याच्या विचारांत असेल, तर त्याला एवढेंच सांगावें, कीं आधीं भरलेली गाडी वजनकाट्यावर ने, दोन्ही आंसांचा भार निरनिराळा मोजून दारावरच्या पट्टीशीं ताडून पाहा, आणि तो मर्यादेंत असेल तरच पंपाला हात लाव. मर्यादेंतील ओझें सुखानें आणि समतोल नेण्याचें काम पिशवी उत्तम रीतीनें करते. मर्यादा पाळण्याचें काम मात्र चालकालाच करावें लागतें.