पंपाची मोटर कशाने फिरते आणि कशाने जळते?



वरुड-मोर्शीकडे संत्र्याच्या आंबिया बहाराचा ताण तोडला, की पाणी वेळेवर लागते. अकोल्याकडे हरभऱ्याचे घाटे भरायचे असतात. नेमकी तेव्हाच मोटर जळते. भरून आणायचा खर्च तर होतोच, पण तेवढ्यात पाण्याची पाळी चुकते, ते नुकसान मोठे. म्हणून मोटर फिरते कशाने, ते आज पाहू. ते समजले की जळते कशाने, हेही समजेल.

मोटरच्या आतल्या फिरत्या भागाला, म्हणजे रोटरला, बाहेरून एकही तार जोडलेली नसते. मग त्याला ओढते कोण? लोहचुंबकत्व.

तारेतून वीज वाहिली की तारेभोवती चुंबकत्व तयार होते. १८२० साली डेन्मार्कच्या ऑर्स्टेड या शास्त्रज्ञाने हे दाखवले. तुम्हीही करून पाहा. लोखंडी खिळ्याला लाखेचा मुलामा असलेल्या तांब्याच्या तारेचे तीस-चाळीस वेढे द्या. टोके खरवडून टॉर्चच्या सेलला क्षणभर लावा. टाचण्या खिळ्याला चिकटतील. तार सोडली की बहुतेक गळून पडतील. हा प्रयोग फक्त सेलवरच करावा, घरच्या विजेवर मुळीच नाही.

मग साध्या लोहचुंबकात वीज कुठे असते? लोखंडाच्या अणूंतील इलेक्ट्रॉन हे कण स्वतःच बारीक चुंबकासारखे वागतात. बैलबाजारात बैलांची तोंडे चहूकडे असतात, तसे साध्या लोखंडात त्यांचे असते. लोहचुंबकात मात्र ते जुंपलेल्या बैलांसारखे एकाच दिशेने ओढतात.

याच्या उलटही घडते. तारेच्या वेटोळ्याजवळ चुंबक हलवला की तारेत वीज निर्माण होते. हे १८३१ साली इंग्लंडमध्ये फॅरेडे यांनी दाखवले. आपल्या अकोला जिल्ह्यातील पारसच्या वीज केंद्रात हेच चालते. कोळशाच्या वाफेने चुंबक मिनिटाला ३,००० फेरे फिरतो आणि भोवतीच्या तारांत वीज तयार होते.

आता मोटरकडे येऊ. तीन फेजची वीज मोटरच्या तीन वेटोळ्यांत एकामागून एक जोर धरते. तिघांनी पाळीपाळीने जाते ओढावे, तसे चुंबकत्व आत गोल फिरते. त्यामुळे रोटरमध्ये वीज उत्पन्न होते, रोटरही चुंबक बनतो आणि त्याच्यामागे धावतो. चुंबकत्व मिनिटाला १,५०० फेरे घेत असेल, तर रोटर १,४४० च्या आसपास घेतो. तो थोडा मागे राहतो म्हणूनच त्यात वीज उत्पन्न होत राहते.

यातला एक फेज गेला, की बंद मोटर नुसती घुंऽऽ करते, कारण चुंबकत्व फिरत नाही, जागच्या जागी हेलकावते. चालू मोटर मात्र फिरत राहते, आणि घात तिथेच होतो. उरलेल्या दोन तारांवर सुमारे पावणेदोनपट करंट येतो, उष्णता तिपटीच्या घरात जाते, तारेवरचा मुलामा जळतो. व्होल्टेज फार पडले तरी मोटर जास्त करंट ओढते आणि तापते.

म्हणून पुढील गोष्टी ध्यानात ठेवा :

१. स्टार्टरमध्ये एक फेज जाताच मोटर बंद करणारे उपकरण, म्हणजे सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर, बसवा. ओव्हरलोड रिले मोटरच्या पट्टीवरील अँपिअरप्रमाणे लावून घ्या. काडी अडकवून स्टार्टर दाबून ठेवू नका.

२. मोटर घुंऽऽ करून उठली नाही, तर लगेच बंद करा. पुन्हा पुन्हा बटन दाबू नका.

३. फ्यूजला जाड तार घालू नका. योग्य जाडीचीच तार वापरा.

४. योग्य क्षमतेचा कपॅसिटर बसवा. चुंबकत्वासाठी लागणारा काही करंट तो जागेवरच पुरवतो, त्यामुळे लाइनवरचा भार कमी होतो आणि व्होल्टेज सुधारते.

५. ऑटो स्विच काढा. वीज येताच सगळ्या शिवारातील मोटरी एकदम उठल्या, तर प्रत्येक मोटर सुरुवातीला पाच-सहापट करंट ओढते. डीपी जळली तर सगळ्यांचेच पाणी बंद.

६. डीपी बदलल्यावर किंवा लाइनचे काम झाल्यावर पाणी कमी पडू लागले, तर मोटर उलटी फिरते का ते पाहा. वायरमनकडून तीनपैकी कोणत्याही दोन तारांची अदलाबदल करून घ्या, म्हणजे ती सुलट फिरेल.

शेवटचे आणि सर्वांत महत्त्वाचे. मोटर आणि स्टार्टर दोन्हींना अर्थिंग असलेच पाहिजे. ओल्या हाताने पेटी उघडू नका. मेन स्विच बंद केल्यावरही कपॅसिटरला लगेच हात लावू नका. त्यात वीज साठून राहते. डीपीवर स्वतः चढू नका. मोटर भरून मिळते, घरचा माणूस परत मिळत नाही.