मांडीच्या मागचा ताठपणा



सदतीस वर्षें मीं मुलांस ‘गुडघे ताठ, बोटें जमिनीला’ असा हुकूम दिला. निवृत्तीनंतर पांच वर्षें आरामखुर्चींत गेलीं, आणि एके दिवशीं हातांतून पडलेली लेखणी उचलण्यासाठीं नातीला हांक मारावी लागली! कमरेंत दोष नव्हता; मांडीच्या मागचे स्नायू आड येत होते.

हे तीन स्नायू बैठकीच्या हाडापासून निघून गुडघ्याखालीं पोंचतात. म्हणून गुडघा ताठ ठेवून वांकलें, कीं त्यांवर दोन्ही टोंकांनीं ताण पडतो. मास्तरकीच्या ऐटींत मीं उभ्याउभ्या हिसके दिले, आणि दुखूं लागल्यावर एका मालिशवाल्याकडून तीच जागा जोरानें रगडून घेतली. तीन आठवडे जिना चढवेना. त्याला काय बोल लावावा? रगडावयास मींच सांगितलें होतें.

आतांची रीत निराळी. प्रथम कोमट तेल लावून तळहातानें गुडघ्याकडून वर हलकेच चोळावें. यानें येणारा सैलपणा थोडाच वेळ टिकतो. म्हणून लगेच दाराच्या चौकटीशीं उताणें निजावें. एक पाय दारांतून सरळ सोडावा, दुसऱ्याची टांच चौकटीवर टेकवून गुडघा हळूहळू सरळ करावा. ओढ जाणवावी, कळ येऊं नये. श्वास कोंडूं नये.

किती वेळ? १९९४ सालीं अमेरिकेंत बॅन्डी व आयरियन यांनीं १५, ३० व ६० सेकंदांची तुलना केली. ३० सेकंद पुरेसे ठरले. ६० नें अधिक लाभ झाला नाहीं. पण तीं माणसें बहुतेक तरुण. २००१ सालीं फेलँड प्रभृतींनीं पासष्टीच्या पुढील लोकांवर तसाच प्रयोग केला, तेव्हां ६० सेकंदच सरस ठरले. दोन्हीकडे क्रम एकच: आठवड्यांतून ५ दिवस, ६ आठवडे. म्हणून मी पुरे साठ मोजतों. मास्तराला मोजण्याचा कंटाळा कसला?

गंमत अशी, कीं इतक्या दिवसांत स्नायू फारसा लांबत नाहीं. ताण सोसण्याची मज्जातंतूंची तयारी वाढते, असें अलीकडील कित्येक संशोधकांचें मत आहे. धाक दाखविलेल्या मुलाप्रमाणें हिसका बसलेला स्नायू अधिकच आखडतो, हें मला शाळेंत असतांना सुचावयास हवें होतें.

कळ पोटरीखालीं उतरत असेल किंवा पायाला मुंग्या येत असतील, तर मात्र ताणूं नये, चोळूंही नये, डॉक्टरांस दाखवावें.

सहा आठवड्यांनीं माझीं बोटें घोट्यापर्यंत आलीं. जमिनीला अद्याप लागत नाहींत. लेखणी मी गुडघे किंचित् वांकवून उचलतों, आणि नात त्यावर गुण कापते.