संकेतस्थळाचीही पडताळणी हवी

महाविद्यालयांतल्या ग्रंथपाल मित्रमैत्रिणींनो,

थेट विषयाकडे वळतो. पुढच्या वक्त्यांचा वेळ खाण्याची अध्यक्षीय परंपरा निदान आज तरी मोडू या.

आपली संकेतस्थळे नॅकच्या मूल्यांकन समितीच्या भेटीआधी जागी होतात. समिती परतली की प्रवेशाच्या पानावर गेल्या वर्षीचे शुल्क तसेच राहते आणि निवृत्त झालेले सर विभागप्रमुख म्हणून हसत असतात. विचारले तर कार्यालय संगणक विभागाकडे बोट दाखवते, संगणक विभाग म्हणतो मजकूरच आला नाही. मग संस्थाचालक फर्मावतात, नवे संकेतस्थळ करा. निविदा निघते, रंग बदलतात आणि जुनाच मजकूर नव्या घरात राहायला जातो.

माझे म्हणणे एवढेच आहे की सुरुवात यादीपासून करावी, आणि ती यादी आपण करावी. दाखल नोंदवही, ग्रंथपडताळणी, निर्लेखन ही कामे संस्थेत आपल्याइतकी कोणाला येतात? प्रत्येक पानाचा पत्ता, विषय, शेवटच्या दुरुस्तीची तारीख, ते कोणासाठी आहे आणि त्याची जबाबदारी कोणावर, इतके रकाने पुरेत. शेवटचा रकाना भरताना भांडणे होतील. ती होऊ द्यावीत. तिथे ‘विभाग’ असे मोघम लिहू नका, पदनाम लिहा. माणसाची बदली होते, पद जागेवर राहते.

ब्रिटनने मजकुराची अशी छाननी देशपातळीवर केली. ऑक्टोबर 2012मध्ये गव्ह डॉट यूके हे सरकारी संकेतस्थळ सुरू झाले आणि 2014च्या अखेरीपर्यंत 300हून अधिक सरकारी संस्थांचा मजकूर त्यावर आला. मजकूर हलवण्याआधी प्रश्न एकच होता: नागरिकाला याची गरज आहे का? आधीच्या सरकारी संकेतस्थळावर मधमाश्या कशा पाळाव्यात याचाही सल्ला होता. तो सरकारने द्यायची गरज नाही, असे ठरवून वगळला. आपल्याकडे प्राचार्यांचे मनोगत वगळून दाखवावे कोणी! ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांनी 1931मध्ये वाचकाचा वेळ वाचवा असे सांगितले. त्या सूत्राला पडद्यावर सवलत मिळत नाही.

मात्र निर्लेखन म्हणजे मिटवणे नव्हे. जुने निकाल, जुनी परिपत्रके अभिलेखात ठेवावीत. पान हलवले तर जुन्या पत्त्यावर आलेला माणूस नव्या पत्त्यावर आपोआप पोचेल अशी सोय करून घ्यावी. निविदेत ही अट नसेल तर कंत्राटदार ते करत नाही.

आता आपले खास मराठी दुखणे. परिपत्रक संगणकावर टंकलिखित होते, मग ते छापतात, त्यावर सही-शिक्का होतो आणि त्याचा तिरका स्कॅन पीडीएफ म्हणून चढवला जातो. हा मजकूर शोधयंत्राला सहसा सापडत नाही, दृष्टिहीन विद्यार्थ्याच्या वाचक-प्रणालीला तो नुसते चित्र म्हणून दिसतो आणि मोबाइलवर बोटांनी ताणून वाचावा लागतो. युनिकोडमध्ये देवनागरी 1991पासून आहे. तरी काही कार्यालयांत जुने फाँट चालतात, आणि तिथला मजकूर दुसरीकडे चिकटवला की अक्षरांचा कचरा होतो. सही असलेली प्रत जरूर ठेवा, पण त्याच पानावर मजकूर युनिकोडमध्ये द्या. एवढ्या एका नियमाने अर्धे संकेतस्थळ वाचनीय होईल, असे माझे मत आहे.

संकेतस्थळ अद्ययावत ठेवणे हे सौजन्याचे काम आहे असे कोणी समजू नये. माहितीचा अधिकार अधिनियम, 2005च्या कलम 4ने सार्वजनिक प्राधिकरणांना ठरावीक 17 बाबी आपणहून प्रसिद्ध करायला आणि दरवर्षी अद्ययावत करायला सांगितले आहे. शासकीय महाविद्यालये त्यात येतात, तसेच शासनाच्या भरीव अनुदानावर चालणारी महाविद्यालयेही.

तेव्हा परत गेल्यावर प्राचार्यांकडून एक लेखी आदेश मागून घ्या: यादी करण्याचा अधिकार ग्रंथपालाला आणि मजकूर मुदतीत देण्याचे बंधन प्रत्येक विभागाला. आदेश तोंडी घेऊ नका. आणि पहिल्या दिवशी प्रवेश, शुल्क व परीक्षा ही तीनच पाने तपासा.