फूल नव्या फुटव्यावर येतं
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



आठवीत आपल्याला बागकामाचा तास होता, आठवतंय? संक्रांत झाली की सर फाटकाजवळचा मोगरा गुडघ्याएवढा छाटायला लावायचे, उरलीसुरली पानंही काढून टाकायला सांगायचे. मी एकदा रडवेली झाले होते. सर म्हणाले, "अगं, मोगऱ्याला फूल नव्या फुटव्यावर येतं. जुनं धरून ठेवलंस तर नवं फुटेल कुठून?"

तीन वर्षांपूर्वी आमचे हे गेले. बाग त्यांची. वर्षभर मी अंगणात पाऊल टाकलं नाही. जास्वंद वाळली, मोगऱ्याच्या नुसत्या काटक्या उरल्या. मुलगा म्हणाला, "आई, उपटून फरशी घालू या." मी हो म्हणणारच होते. सहज नखाने साल खरवडली, तर आत हिरवी! सर आठवले.

पौष सरत आला होता. कात्री घेतली, मोगरा छाटला, माती मोकळी केली, शेणखत घातलं, पाणी सुरू केलं. काही दिवसांत पोपटी फुटवे दिसले. पाडव्याला गुढीच्या हारात घरच्या सात कळ्या ओवल्या. त्या दिवशी मी बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवले.

सर आज आपल्यात नाहीत. त्याच मोगऱ्याची दाब कलमाची पाच रोपं मी आणली आहेत. एक फाटकाजवळ लावू. बाकीची, ज्यांचं अंगण ओकं झालंय त्यांनी न्यावीत. फक्त संक्रांतीनंतर छाटायला कचरू नका.