आपल्या पायाखाली काय आहे?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



आज मी प्राण्यांविषयी, डायनोसोरविषयी आणि थोडंसं देशोदेशींविषयी बोलणार आहे. घरात मुलं असतील तर त्यांना जवळ बोलवा. सुतळीचा गुंडा असेल तर तोही घ्या, पुढं लागणार आहे.

सुरुवात मात्र माझ्या एका चुकीपासून करतो. १९९४ सालची गोष्ट. किल्लारीपासून थोड्या अंतरावरच्या एका गावात मी शिक्षक होतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाला वर्षही झालं नव्हतं. शाळा पत्र्याच्या शेडमध्ये भरायची. बाहेरून ट्रक गेला तरी मुलं दचकून उभी राहायची. त्याच सुमारास 'जुरासिक पार्क' हा सिनेमा हिंदीत आला आणि कुणाकुणाच्या तोंडून त्याची गोष्ट वर्गापर्यंत पोचली. एक दिवस चौथीतली एक मुलगी उठून म्हणाली, "गुरुजी, तसलं जनावर आपल्या खाली असंल का? तेच हाललं असंल का?"

वर्ग हसला. वाईट हे की, मीही हसलो. म्हणालो, "अगं, ते सगळं अमेरिकेत. आपल्याकडं कुठलं आलंय? बस खाली." ती बसली. त्यानंतर त्या वर्षात तिनं मला एकही प्रश्न विचारला नाही.

आता मी निवृत्त होऊन नांदेडला राहतो. नातवाकडं चित्रांची जाडजूड पुस्तकं आहेत. तो मला सांगतो, "आजोबा, जिराफाच्या मानेत माणसाइतकीच सात हाडं असतात. ऑक्टोपसला तीन हृदयं असतात. व्हॅटिकन हा सगळ्यांत छोटा देश." सगळं बरोबर आहे. पुस्तकंही चांगली आहेत. पण ती वाचता वाचता मुलाचा एक समज होतो, की जगातली सगळी गंमत कुठंतरी लांब आहे आणि आपल्या गावात फक्त धूळ आहे. माझाही तोच समज होता. म्हणून तर त्या मुलीला मी खाली बसवलं. तिच्या प्रश्नाचं उत्तर मी नंतर सवडीनं शोधलं. तेच आज सांगतो.

आपल्या पायाखाली काय आहे? लातूर भागात बोअर किती खोल जातात हे मी सांगायला नको. भूकंपानंतर शास्त्रज्ञांनी किल्लारीला एक बोअर घेतलं. ते पाण्यासाठी नव्हतं, जमीन समजून घेण्यासाठी होतं. खोली ६१७ मीटर, म्हणजे दोन हजार फुटांवर. पहिले ३३८ मीटर, साधारण अकराशे फूट, नुसता काळा दगड. हा थंड झालेला लाव्हा. त्याच्याखाली अवघा आठ मीटरचा गाळाचा थर लागला, आणि त्याच्याखाली दोनशे कोटी वर्षांहून जुना कठीण खडक.

हा लाव्हा सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून वाहिला. एकदा नाही, पुन्हा पुन्हा, थरावर थर. बालाघाटाचे डोंगर लांबून पायऱ्यांसारखे दिसतात ते त्यामुळंच. आजही या दगडानं सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर जमीन झाकलेली आहे. आपलं अख्खं महाराष्ट्र राज्य तीन लाखांच्या थोडं वर आहे, यावरून अंदाज करा. आपली काळी माती याच दगडाची झीज होऊन झाली. आणि हा लाव्हा वाहू लागला तेव्हा या भूमीवर डायनोसोर होते. लातूरच्या खाली डायनोसोर सापडलाय, असं मी म्हणत नाही. काही इंच रुंदीच्या बोअरमधून ते कळत नाही. पण त्या मुलीचा प्रश्न हसण्यासारखा नव्हता, एवढं नक्की.

आता सुतळी घ्या. एक मीटर म्हणजे एक कोटी वर्षं असं धरा. शाळेच्या मैदानात १८ मीटर सुतळी सरळ ताणा. एक टोक म्हणजे आज. तिथून ६ मीटर ६० सेंटिमीटरवर एक गाठ मारा, तो आपला लाव्हा. पार दुसऱ्या टोकाला कोण आहे ते आता सांगतो. आणि आपण माणसं? आपली जात साधारण तीन लाख वर्षांची, म्हणजे आजच्या टोकाकडचे फक्त तीन सेंटिमीटर. बोटाच्या दोन पेरांएवढी जागा. शिवाजी महाराजांपासून आजपर्यंतचा काळ तर या सुतळीवर डोळ्यांना दिसायचा नाही. अठरा कोटी हा आकडा मूल पाठ करतं आणि विसरतं, पण सुतळीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडं एकदा चालत गेलं की विसरत नाही.

तर त्या दुसऱ्या टोकाला कोण? त्यासाठी आपल्या गोदावरीच्या काठानं चला. नांदेडच्या घाटावरून जे पाणी पुढं जातं, ते तेलंगणातून वळसा घेत गडचिरोली जिल्ह्यात सिरोंचाला प्राणहितेला भेटतं. तिकडं पूर्वेला आपला काळा दगड संपतो आणि त्याच्याहून जुने खडक उघडे पडतात. म्हणून जुनी हाडंही तिथंच सापडतात. सिरोंचाजवळ पोचमपल्ली इथं १९६० च्या आसपास कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या संशोधकांनी एका प्रचंड डायनोसोरची सुमारे तीनशे हाडं खणून काढली. एका मांडीच्या हाडाची लांबी १.७ मीटर! साडेपाच फुटांहून जास्त. घरातल्या मोठ्या माणसाला भिंतीला टेकवून उभं करा आणि बघा, कोण उंच भरतं.

१९६१ हे रवींद्रनाथ टागोरांचं जन्मशताब्दी वर्ष. म्हणून त्याचं नाव ठेवलं 'बारापासोरस टागोराय'. मराठी कानाला हा बारा पायांचा वाटतो, पण बंगालीत 'बारा' म्हणजे मोठा आणि 'पा' म्हणजे पाय. पाय चारच. लांबी सुमारे १४ मीटर, आणि खाणं निव्वळ झाडपाला. काळ साधारण १८ कोटी वर्षांपूर्वीचा, आपल्या सुतळीचं टोक. मुलांनो, मैदानात चुन्यानं किंवा रांगोळीनं हा १४ मीटरचा प्राणी आखा आणि त्याच्या पोटात सगळा वर्ग बसतो का बघा. याचा सांगाडा कोलकात्याला आहे. पण याचाच एक भाऊबंद, 'कोटासोरस', नांदेडला खेटून असलेल्या तेव्हाच्या आदिलाबाद जिल्ह्यातल्या यामनपल्लीत सापडला. त्याचा सांगाडा हैदराबादच्या बिर्ला विज्ञान संग्रहालयात उभा आहे. आपली माणसं हैदराबादला जातात, चारमिनार बघून, मोती घेऊन परत येतात. पुढच्या वेळी एक तास या शेजाऱ्यासाठी ठेवा.

आता एक हसण्याची गोष्ट. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ पिसदुरा नावाचं गाव आहे. तिथं डायनोसोरची हाडं तर सापडतातच, पण त्या काळातलं शेणही सापडतं. दगड झालेलं शेण! मुलं नाक मुरडतील. मुरडू द्या. या शेणानं शास्त्रज्ञांचा एक समज बदलला. गवत हे डायनोसोर संपल्यानंतर उगवलं, असं बरेचजण मानत. गवतात काचेसारखे बारीक कण असतात. गवताच्या धारदार पात्यानं बोट कापतं ना, त्यात या कणांचाही हात असतो. पिसदुऱ्याच्या शेणात हे कण मिळाले आणि २००५ साली ही गोष्ट जगापुढं आली. म्हणजे डायनोसोरच्या काळात गवत होतं आणि ते कुणीतरी चरत होतं. आपली ज्वारी, भात, लातूरचा ऊस ही सगळी गवताचीच भावंडं. शेणाकडं नाक न मुरडता कुणीतरी नीट बघितलं, म्हणून हे कळलं.

डायनोसोर गेले. त्यानंतर आपल्याकडं कोण होतं? लातूर जिल्ह्यात मांजरेच्या काठावर हरवाडी गाव आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांना तिथं नदीच्या गाळात हत्तीचे, रानबैलांचे आणि चक्क पाणघोड्याचे अवशेष मिळाले. होय, मांजरेत पाणघोडे होते. काळ हजारो वर्षांपूर्वीचा, म्हणजे आपल्या सुतळीवर अगदी आजच्या टोकाजवळ, मिलिमीटरमध्ये मोजण्याइतका. आज हा प्राणी नैसर्गिकरीत्या फक्त आफ्रिकेच्या रानांत राहतो. त्याची कातडी उन्हात सुकते, म्हणून दिवसभर त्याला पाण्यात डुंबत राहावं लागतं. आणि एप्रिल २०१६ मध्ये याच मांजरेकाठच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. ज्या मुलांनी घागरी घेऊन रांगा लावल्या, त्यांना मी पाणघोड्याची गोष्ट सांगितली. कुणी हसलं नाही. एका मुलानं विचारलं, "मग ते पाणी कुठं गेलं?" पाऊसमान बदलतं, नद्या बदलतात, आणि अलीकडं माणूसही त्यांना बदलतो. हा प्रश्न पुस्तकातल्या शंभर गमतींपेक्षा मोठा आहे.

जिवंत प्राणीही विसरू नका. कांगारू ओळखणाऱ्या मुलाला विचारा, देवणी गाय किती प्रकारची? पूर्ण पांढरी ती बालंक्या, अंग पांढरं पण तोंड काळं ती वानेरा, काळ्यापांढऱ्या ठिपक्यांची ती शेवरा. आणि कंधारची ती लाल कंधारी. दोन्ही आपल्याच मातीतल्या जाती. एक कोडं घाला : गायीला वरच्या जबड्यात पुढं किती दात असतात? उत्तर, एकही नाही. खरं वाटत नसेल तर शेजारच्या गोठ्यात जा आणि मालकाला विचारून बघा. आजी-आजोबांकडूनही एक यादी करून घ्या : तुमच्या लहानपणी दिसायचे आणि आता दिसत नाहीत, असे प्राणी-पक्षी कोणते? गिधाडाचं नाव बहुधा येईल. जनावरांना दिल्या जाणाऱ्या एका वेदनाशामक औषधामुळं ती देशभर मेली. २००६ साली जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली. असा इतिहास आजीच्या तोंडून ऐकायचा असतो.

थोडं देशांचं. लेबनॉन हा देश १०,४५२ चौरस किलोमीटरचा आहे आणि आपला नांदेड जिल्हा १०,५२८ चौरस किलोमीटरचा. नांदेडच मोठा भरला! लातूर जिल्ह्यात तर जवळजवळ दहा सिंगापूर मावतील. २०११ च्या जनगणनेत नांदेड जिल्ह्यात ३३ लाख ६१ हजार माणसं होती. दक्षिण अमेरिकेतल्या उरुग्वे देशात तेव्हा याहून थोडी कमीच होती, आणि त्या देशानं १९३० सालचा पहिला फुटबॉल विश्वचषक भरवला आणि जिंकलाही. नकाशा पुढं घ्या, आपला जिल्हा पातळ कागदावर गिरवा, आणि त्याच्याएवढे देश शोधा. दोन्ही नकाशे एकाच प्रमाणाचे हवेत, एवढं लक्षात ठेवा.

शेवटी त्या मुलीकडं येतो. "तेच हाललं असंल का?" असं तिनं विचारलं होतं. बाई, जनावर नव्हतं हाललं. आपला देशच हालतो आहे. लाव्हा वाहत होता तेव्हा भारत हे समुद्रातलं एक मोठं बेट होतं, विषुववृत्ताच्या दक्षिणेला. तिथून सरकत सरकत ते आशियाला येऊन धडकलं आणि हिमालय वर उचलला गेला. ते सरकणं अजून थांबलेलं नाही. वर्षाला काही सेंटिमीटर, आपली नखं वाढतात साधारण त्याच वेगानं. त्या रेट्याचा ताण आतल्या खडकांत साठत जातो, आणि एखाद्या कमजोर जागी खडक सरकतो. त्या रात्री किल्लारीच्या खाली तेच झालं.

एवढं उत्तर मी १९९४ साली दिलं असतं, तर भूकंप टळला नसता. पण खाली एक जनावर दबा धरून बसलंय, या भीतीनं ती किती रात्री जागली असेल, त्यातल्या काही कमी झाल्या असत्या. उत्तर येत नव्हतं, हा माझा दोष नव्हता. "मला माहीत नाही, आपण शोधू" एवढं म्हणालो नाही, हा दोष होता.

ती आज कदाचित कुणाची आई असेल. तिच्या मुलानं, तुमच्या मुलानं उद्या काही विचित्र विचारलं, तर हसू नका. सुतळी काढा, नकाशा काढा, नाहीतर गोठ्याकडं चालू लागा. वाटेत उत्तर सापडेल. नाही सापडलं, तर आणखी एक प्रश्न तरी सापडेलच.